प्रार्थनेतला अडथळा

प्रार्थनासभेत कुणी म्हणालं, “प्रभू माझ्याशी बोलला,” की एस्तेरबाई मान खाली घालत. रोज पहाटे त्या गुडघे टेकून बसत, पण देवाची वाणी त्यांच्या कानी कधी पडली नव्हती.

शेवटी त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, “तो माझ्याशीच का बोलत नाही?”

“डोळे मिटले की मनात काय येतं?”

“धाकटी जाऊ. बारा वर्षं आमचं बोलणं नाही. तिची आठवण आली की प्रार्थना मोडते, म्हणून झटकून टाकते.”

“मग ती आठवण रोज कोण करून देतं?” पाळकसाहेबांनी विचारलं.

त्याच दुपारी एस्तेरबाईंनी जावेचं दार वाजवलं.

“किती वाट बघायला लावलीत, अक्का,” जाऊ म्हणाली.

तो आवाज एकट्या जावेचा नव्हता, असं एस्तेरबाईंना आजही वाटतं.