चहा होईपर्यंत

पेमेंट सेवेचा मेल उघडताच पडद्यावर शालनची परगावी आजारी असलेली मुलगी ऋजुता बोलू लागली. "आई, माझ्या श्वासयंत्राचं पेमेंट अडकलंय. मंजुरीचं बटण दाब, नाहीतर पाच मिनिटांत यंत्र बंद पडेल."

शालनचा हात बटणाकडे गेला. पण असे मेल हल्ली रोज यायचे, घरातल्याच कुणाचा तरी हुबेहूब चेहरा लावून. परवा तर वारलेले भाऊजी हात जोडत होते. उलट फोन लावावा, तर तोही ते ठगच उचलायचे. म्हणून सोसायटीने एक रीत पाडली होती: बटणाला हात न लावता चहा टाकायचा. खोट्याला दम निघत नाही, चहा होईपर्यंत तो चेहरा निघून जातो.

तिने आधण ठेवलं.

"आई, चहा नको गं टाकूस! मी खरी आहे!"

"सगळे हेच म्हणतात," शालन पाठमोरीच म्हणाली. तिने आलं किसायला घेतलं. मागची हाक बारीक होत गेली आणि थांबली. गेली एकदाची!

चहा वर आला. गॅस बंद करून ती वळली.

ऋजुता पडद्यावर अजून होतीच. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती.