चौथी तपासणी

लातूरच्या डाळ मिलचे मॅनेजर रेवणप्पा आग विझवायची यंत्रणा तपासायला महिन्यात चौथ्यांदा बोलावत होते, म्हणून ठेकेदार शेषेराव चक्रावलाच.

"आप्पा, नियम वर्षातून एकदाचा. पंप ठणठणीत हाय की!"

"तरी पाइपातनं पाणी सोडून बघा."

पंप सुरू करून शेषेराव पहिल्यांदाच मागच्या भिंतीपलीकडं डोकावला. कीर्तनाला बसल्यागत घागरी ओळीनं मांडलेल्या. गल्लीतल्या बाया भिंतीवरून सोडलेल्या पाइपाचं पाणी भरून घेत होत्या.

रेवणप्पा ओशाळले. "टाकी रिती झाली की मालक आगीच्या भ्यानं टँकर धाडतेत. लोकांच्या तहानेसाठी मागितला, तर न्हाई म्हणले. आता तुमच्या हातात हाय."

शेषेरावानं पंपाला कान लावला.

"आप्पा, आवाज काही बरा वाटंना. गुरुवारी पुन्हा यावं लागंल."