चौथी सुई

दम लागलेल्या चार महिन्यांच्या रेवाला पाळण्याने तिसऱ्यांदा सुई टोचली. दवाखान्यात तपासण्या आता पाळणाच ठरवायचा. भेटायला आलेल्या मामींनी रेवाच्या आईला विचारलं, “अगं मयुरी, अजून छातीचा फोटो नाही काढला? सलाईनपण नाही?” मयुरीला रडू फुटलं. पाळण्यातून चौथी सुई वर आली.

“मामी, गप्प बसा!” सिस्टर धावत आली. “सर्दी छातीत उतरलीय, एवढंच. नाक साफ करून अंगावर पाजलं की पुरे. पण घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून हा पाळणा तुमची घालमेल मोजतो, बाळाचा श्वास नाही.”

“म्हणजे मी रडले की हा हिला टोचतो?” मयुरी हादरली. तिने ओठ ताणून हसायचा प्रयत्न केला. सुई खाली गेली.

मामी पदर तोंडात कोंबून दाराबाहेर पळाल्या, रडायला.