उरलेली इंजेक्शनं

१९९२ सालची गोष्ट. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि सासूबाई राहत. त्या घरात सगळं थोरलीपासून सुरू व्हायचं. नवी साडी आधी थोरलीला, तिची वापरून झाली की धाकटीला. चपला, शिलाई मशीन, खिडकीजवळची खोली, सगळं तसंच. धाकटीची त्याला कधी ना नव्हती.

मूल मात्र थोरलीला होत नव्हतं. उपचार चालू होते. तेव्हाचे फ्रिज छोटे असत. त्यात लोण्याच्या डब्याला चिकटून इंजेक्शनांचा खोका असे. रोज सकाळी इंजेक्शन धाकटीच द्यायची. तिचा हात हलका होता.

त्या दिवशी सुई काढली आणि धाकटी तशीच मोरीकडे पळाली. तोंड पुसून परत आली, तर सासूबाई दारात उभ्या.

"कितवा?"

"दुसरा लागलाय."

थोरली पालथी पडून होती. कापसाचा बोळा तिनं कमरेवर तसाच दाबून धरला.

"उद्या दवाखान्यात जाऊन मोकळी हो," सासूबाई म्हणाल्या. "आधी हिचं होऊ दे. तुझं काय, तुला वाऱ्यानंसुद्धा राहील."

"मी माहेरी जाते, आई. बाळंत होऊनच येईन. ताईंच्या नजरेलाही पडणार नाही."

"आणि येताना कडेवर काय आणशील? भोपळा?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पलीकडच्या खोलीत पलंगाखाली मोजा शोधत होता. "दुकान उघडायचंय," म्हणाला आणि एकाच पायात मोजा घालून जिना उतरला.

धाकटी थोरलीच्या उशाशी बसली. "ताई, मला हे हवंय हो. तुम्ही सांगा ना. तुमचा शब्द त्या मोडायच्या नाहीत."

थोरली कूस वळवून म्हणाली, "उद्या जरा लवकर उठ. जाण्याआधी माझं इंजेक्शन देऊन जा."

धाकटीनं दिलं. हात नेहमीसारखाच हलका.

वर्षभरात थोरलीला मुलगी झाली. ती आता दुकान बघते. सासूबाई नातीला खेळवून समाधानानं गेल्या. धाकट्याला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तो खालीच झोपतो. धाकटीला पुन्हा दिवस राहिले नाहीत.

मुलगी रांगायला लागली, तेव्हाच एकदा थोरलीनं फ्रिज आवरायला काढला. मागे सरकलेला तो खोका तिला सापडला. फडक्यानं नीट पुसून तिनं धाकटीच्या हातात ठेवला.

"घे. तारीख उलटली नाही अजून. वाया कशाला घालवायची?"

मग काहीतरी आठवून मायेनं विचारलं, "स्वतःचं स्वतःला टोचता येतं का गं?"