ताठ पाठ

शाळेनं दिलेला लॅपटॉप माझी नात विजयश्री मांडीवर घेऊन बसायची आणि अशी वाकायची, की नाक काचेला टेकावं. "रान खुरपायलीस का अभ्यास करायलीस? ताठ बस!" मी दिवसातून धा वेळा वरडायची. साठ वर्षं रानात राबले, तरी माझी पाठ काठीसारखी हाय. अन् माझ्या नातीला कुबड यावं?

शेवटी मीच डोकं लढवलं. तिची पाठ खांबाला टेकवली, जुन्या लुगड्यानं कमरेला बांधली आणि लॅपटॉप हातभर लांब, ज्वारीच्या डब्यावर डोळ्याच्या उंचीला ठेवला. पोरगी रोज शहाण्यावानी ताठ बसायली. पडद्यावरचं मला काय वाचता येत न्हाई, पण आमच्या संतपुरातल्या बायांना बोलवून मी तिची पाठ तेवढी दाखवली.

परीक्षेत पोरगी नापास झाली. सर म्हणाले, हिला दिसतच न्हाई. बिदरच्या डॉक्टरनं डोळे तपासले. मग म्हणाला, "वाकून बघत होती तेव्हाच आणायचं होतं. उजव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही."

दवाखान्याच्या पायरीवर मी तिला गदागदा हलवलं. "तोंड शिवलं होतं का तुझं? मला कामून सांगितली न्हाईस?"



"काकूला चष्मा लागला, तवा आंधळी म्हणून तू तिला माहेरी धाडलीस, आज्जी."