ताटलीभर घेवडा

ओक्लाहोमातली जमीन वस्तीला खुली झाली, त्या दिवशी दुपारी बाराची इशाऱ्याची बंदूक उडेपर्यंत कुणी हद्दीत पाऊल टाकायचं नव्हतं. आधी लपून शिरलेल्याची जमीन जायची. अशा चोरट्यांना हुसकून लावण्यात जज हॅडलींचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेही त्याच दिवशी ओढ्याकाठी येऊन वसलेले. पुढे लोकांनीच त्यांना जज म्हणून निवडून दिलं.

आज त्यांच्या शेजाऱ्यावर, लीमनवर, तोच आरोप होता.

"बंदुकीनंतरच आलास, याला साक्षीदार कोण?" जजनी दरडावलं.

लीमनचा चेहरा उजळला. "तुम्हीच की, साहेब! विसरलात? घोड्याच्या तोंडाला फेस आला, पण पाऊण वाजता ओढ्यावर पोचलो. तुम्हीच हाक मारलीत, 'ये रे बाबा, चार घास खा!' तुमच्या चुलीवरचा सुका घेवडा कसा लोण्यासारखा शिजला होता! ताटलीभर वाढलात."

'गप बस!' म्हणत जजनी घाईघाईने हातोडा आपटला.



कोर्टात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुका घेवडा शिजायला किती वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.