काचेवरचं गंध

ओमानमधल्या रुस्ताक गावच्या घरी आईच्या वर्षश्राद्धाला प्रशांतने पाटावर ऑफिसातला नवा स्क्रीन ठेवला. त्यावरच्या आईच्या फोटोवर बोट फिरवलं की कापडाचा पोत जाणवायचा. आईच्या लुगड्याचा काठ अगदी खरखरीत लागला.

"आणि चेहरा?" बायकोने, यशश्रीने, विचारलं.

"तिथे नुसती काच. लुगड्यापुरतंच जमलं."

"म्हणजे सासूबाईंपेक्षा लुगडं मोठं! बरं, गंध लावा आता."

याच स्क्रीनच्या कामापायी तो आईच्या अंत्यविधीला गेला नव्हता. आई रागावली असेल का, हा प्रश्न वर्षभर त्याला छळत होता.

त्याने गंधाचं बोट कपाळावर टेकवलं. फोटोतली आई हसतच होती. बोटाखाली मात्र तिच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडत होत्या.